येलहंकाहून पुणे किती लांब?

लोहगावच्या धावपट्टीपासून बेंगळुरूच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे ७२० किलोमीटरची भरते. मोटारीने सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे असे गेले तर साधारण ८४० किलोमीटर होतात आणि खाजगी व्होल्वोला चौदा-पंधरा तास लागतात. उद्यान एक्स्प्रेस सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल असा मोठा वळसा घालते. ती पुण्याहून दुपारी निघते आणि वीसेक तासांनी बेंगळुरूच्या वेशीवर येते. विमानाच्या तिकिटावर मात्र दीड तास लिहिलेला असतो.

संपादकांनी यंदा ‘अंतर’ हा विषय दिला, तेव्हा हा दीड तास नेमका कशाचा असतो ते जाऊन बघावे असे मनात आले. त्यासाठी येलहंकासारखी जागा शोधून सापडली नसती. बेंगळुरूच्या उत्तर टोकाच्या या उपनगरात हवाई दलाचा तळ आहे. शेजारी जक्कूरला राज्य सरकारची वैमानिक शाळा आणि तिची छोटी धावपट्टी आहे. रेल्वेचे जंक्शन आहे, रेल्वेची चाके बनवणारा कारखाना आहे, कडेने राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो आणि त्याच महामार्गाने उत्तरेला देवनहळ्ळीजवळचे केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ लागते. प्रवासाची जवळजवळ सगळी साधने इथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. ती एकमेकांची वाटही अडवतात.

माझी मामेबहीण येलहंका न्यू टाउनमध्ये राहते. कोथरूडहून मामी तिच्याकडे येऊन-जाऊन असतात. त्यांना एक सवय आहे. प्रवासाच्या वेळा त्या कालनिर्णयच्या पानामागे पेन्सिलीने टिपून ठेवतात. त्यातली एक नोंद अशी: घर सोडले ५.१०. लोहगाव ६.०५. विमान हलले ८.०५. उडाले ८.१५. टेकले ९.२०. थांबले ९.३५. बॅग मिळाली १०.०५. घरी १०.५०.

म्हणजे दारापासून दारापर्यंत पाच तास चाळीस मिनिटे. त्यातली हवेतली पासष्ट, एकूण वेळेचा पाचवा हिस्सादेखील नाही. मामींच्या या नोंदीत विलंब नाही, रद्द झालेले उड्डाण नाही, पाऊस नाही. सगळे सुरळीत पार पडलेल्या दिवसाचा हा हिशेब आहे.

रेघेखालचा मुलूख

आधी ती पासष्ट मिनिटे पाहू. बेंगळुरूहून पुण्याकडे ओढलेली रेघ मधुगिरी-पावगडच्या दगडी डोंगरांवरून वायव्येला जाते. होस्पेटपाशी तुंगभद्रा धरणाचे पाणी ओलांडते. तिचा मध्यबिंदू जवळजवळ बदामीवर पडतो, म्हणजे चालुक्यांची वातापी पुण्यापासून आणि बेंगळुरूपासून हवेतून सारखीच लांब आहे. पुढे जमखंडीजवळ कृष्णा लागते, मग जतचा माळ, दहिवडी, जेजुरी आणि लोहगाव. विमाने अगदी याच रेघेवरून जात नाहीत. आकाशात ठरलेले मार्ग असतात, त्यांवर पाच-पाच अक्षरांची नावे दिलेले बिंदू असतात आणि वैमानिक एका बिंदूवरून दुसऱ्याकडे जातो. पण खिडकीतून खाली बघणाऱ्याला मुलूख साधारण हाच दिसतो.

या मार्गावर विमान बराच वेळ एका उंचीवर सरळ उडत असेल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. उड्डाणानंतर ३५ हजार फुटांवर पोचायला वीस-पंचवीस मिनिटे जातात आणि तोवर दोनशेक किलोमीटर मागे पडलेले असतात. उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैलांचा आहे. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. लोहगाव समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आत-बाहेर आहे. तेव्हा ३३ हजार फूट उतरायला शंभरेक नॉटिकल मैल, म्हणजे १८० किलोमीटर हवेत. जत मागे पडून आटपाडी यायच्या सुमाराला पुण्याचे विमान खाली झुकू लागते. चढण आणि उतार वजा केले की सपाट उडायला उरतात जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. तेवढे अंतर ताशी सव्वाआठशेच्या वेगाने पंचवीस मिनिटांत संपते. हवाई सुंदरींना सँडविच देऊन कागद गोळा करायची एवढी घाई का असते, ते यावरून कळते.

वैमानिकाने ‘जरा दामटून’ वेळ भरून काढावा असे उशीर झालेल्या प्रवाशाला वाटते. एवढ्या सपाट टप्प्यात वेग पाच टक्क्यांनी वाढवला तर वाचते मिनिट-सव्वामिनिट. वाऱ्याचा परिणाम याहून जास्त. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात आणि बेंगळुरूकडे निघालेल्या विमानाला पाठीमागून रेटा देतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचीवर पूर्वेकडून वेगवान प्रवाह वाहतो. त्याचा अभ्यास मांडणारे पी. कोटेश्वरम हे आपल्याच हवामान खात्यातले शास्त्रज्ञ. पण सव्वा तासाच्या उड्डाणात हा सगळा फरक थोड्या मिनिटांचाच. विमान कितीही सुधारले तरी आकाशातला वेळ आता फारसा कमी होणार नाही.

ठोकळे काढले, ठोकळे लावले

तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या गावी चाकांना ठोकळे लागले की थांबते. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आले, पुढच्या चार विमानांच्या मागे थांबणे आले, उतरल्यावर जागा रिकामी होण्याची वाट पाहणे आले. कंपन्या अनुभवाने यात काही मिनिटांचा ऐवज राखून ठेवतात. मग पायलट ‘दहा मिनिटे आधी पोचलो’ असे सांगतो तेव्हा बहुधा तो ऐवज खर्च झालेला नसतो, एवढेच. ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांपर्यंतचा उशीर सरकारी हिशेबातही वेळेवरच धरला जातो.

बेंगळुरूच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. पहिली ४ किलोमीटर लांबीची, दुसरी डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. विमान वाऱ्याला तोंड करून उडते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे विमान पश्चिमेला उडून येलहंकाच्या उत्तरेकडून राजानुकुंटेच्या बाजूने वर चढते आणि तसेच वायव्येला पुण्याकडे वळते. हिवाळ्यात वारा पूर्वेचा. मग तेच विमान आधी पूर्वेला उडते आणि वळसा घेऊन पुण्याची दिशा धरते. गाव तेच, अंतर तेच, तरी चार-पाच मिनिटांचा फरक.

बहिणीच्या गच्चीवर पहाटे उभे राहिले की हा सगळा कारभार कानाने समजतो. पहिली विमाने पाचच्या सुमाराला एकामागून एक निघतात. थंडीत देवनहळ्ळीच्या माळावर धुके दाटते. ते नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पहाटे कधीही येते आणि सूर्य वर आला की विरते. नव्या धावपट्टीवर अगदी कमी दिसत असतानाही विमान उतरवता येईल अशी यंत्रणा बसवली आहे. पण त्यासाठी विमान तसे सज्ज असावे लागते आणि वैमानिक तसा प्रशिक्षित. नसेल तर ते चेन्नईला किंवा हैदराबादला जाते. त्यातल्या प्रवाशांना पुणे-बेंगळुरू हे अंतर त्या दिवशी काय वाटत असेल!

घारी आणि लढाऊ विमाने

येलहंकाचा हवाई तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. मालवाहू विमाने चालवणारे हवाई दलाचे वैमानिक इथे तयार होतात. एरवी हा तळ शांत असतो. १९९६पासून साधारण दर दोन वर्षांनी इथे ‘एरो इंडिया’ हे प्रदर्शन भरते, तेव्हा मात्र सगळे बदलते. देशोदेशींची लढाऊ विमाने येतात, सरावासाठी आकाश लागते आणि नागरी विमानतळ इथून हवेतून फक्त बारा-तेरा किलोमीटरवर. मग केंपेगौडा विमानतळाचे आकाश दिवसातले काही तास टप्प्याटप्प्याने बंद ठेवतात. कंपन्यांना महिनाभर आधी कळवलेले असते, वेळापत्रके बदललेली असतात. तरी लग्नाला निघालेल्या एखाद्या कुटुंबाचे गणित चुकतेच.

या दिवसांत येलहंकाच्या बाजारात आणखी एक गोष्ट होते. ती बाहेरगावच्या माणसाला सांगितली तर खरी वाटत नाही. मटण, चिकन, मासळीची दुकाने बंद होतात. २०२५च्या प्रदर्शनात महापालिकेने तळाभोवती १३ किलोमीटरपर्यंत जवळजवळ २५ दिवस ही बंदी घातली होती. कारण घार. दुकानामागे टाकलेल्या आतड्या-पिसांवर घारी जमतात आणि तिथून उठून आकाशात गोल फिरत राहतात. पाऊण किलोची घार ताशी पाचशेच्या वेगाने जाणाऱ्या विमानाच्या इंजिनात गेली तर काय होईल ते सांगायला नको.

जुन्या येलहंकाच्या बाजारातल्या एका चिकन विक्रेत्याशी बोलले. हातातला सुरा बाजूला ठेवून, पंजे पुसत तो शांतपणे सांगत होता. प्रदर्शन देशाचे आहे, बंदीला त्याची हरकत नाही. पण त्या दिवसांचे भाडे माफ होत नाही. कामावरची दोन पोरे गावी निघून जातात ती परत येतीलच असे नाही. त्याच्या दुकानामागे मी पाहिले. निळ्या पिंपात कचरा झाकून ठेवला होता आणि पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर उघडा पडलेला ढीग होता, तो कोणाचा हे कोणी सांगेना. वर चार घारी होत्या. तो रिकामा प्लॉट वर्षभर साफ राहिला, तर २५ दिवस दुकानांवर कुलूप लावायची वेळ येणार नाही, असे मला वाटते. पुण्याच्या विमानाचे सुरक्षित पोचणे एका उपनगरातल्या कचरागाडीशी इतके बांधलेले आहे.

हे आकाश सैन्याचे आणि नागरिकांचे, दोघांचेही आहे. देशाच्या आकाशापैकी केवळ ६० टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणी वापरता येतो, असे मे २०२०मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. आणि येलहंकाची ही अडचण वर्षाआड काही दिवसांची आहे. पुण्याची रोजची आहे. लोहगाव हाच मुळात हवाई दलाचा तळ आहे. सुखोई तिथून उडतात आणि त्यांच्या सरावाच्या वेळा सोडून उरलेल्या वेळेत प्रवासी विमानांना जागा मिळते. २०२४मध्ये पुण्याला नवे टर्मिनल मिळाले, बसायला ऐसपैस जागा झाली. धावपट्टी मात्र तीच राहिली.

मुंबईची कथा निराळी. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. विमाने वर घिरट्या घालत राहतात. फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने गर्दीच्या तासांतली ये-जा ४६वरून ४४वर आणली, तेव्हा सांगितले होते की विमानांना ४० ते ६० मिनिटे आकाशात थांबावे लागते आणि एक विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळते. बेंगळुरू-मुंबई हे ८३० किलोमीटरचे अंतर. सव्वा तासात मुंबईच्या डोक्यावर यायचे आणि पाऊण तास तिथेच फिरायचे! डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झाले, तिथे उतरलेले पहिले प्रवासी विमान बेंगळुरूहूनच आले होते.

बळ्ळारी रस्ता

येलहंकावरून विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव बळ्ळारी रोड. या नावाशी आपल्या हवाई प्रवासाच्या आरंभाचा संबंध आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ जातीचे विमान अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर आणले. तिथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनी टपाल मद्रासकडे नेले आणि वाटेत रात्री मुक्काम केला तो बळ्ळारीला. एक इंजिन, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग आणि अंधारात उडायची सोय नाही. आज सव्वा तासात ओलांडतो त्या मुलखात तेव्हा एक रात्र काढावी लागे.

बेंगळुरूला विमानांचे शहर करणारा माणूस सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४०मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. त्या कारखान्याची धावपट्टी पुढे शहराचे विमानतळ झाली. ती शहराला लागून होती. जुने बेंगळुरूकर मराठी लोक अजून सांगतात की इंदिरानगरातून रिक्षाने विमानतळावर जायचे. २४ मे २००८ रोजी नवे विमानतळ सुरू झाले आणि जुन्यावरची प्रवासी विमाने थांबली.

त्या रात्रीत एक गंमतीची गोष्ट घडली. नवे विमानतळ जुन्याच्या उत्तरेला असल्याने पुणे-बेंगळुरू हवाई अंतर वीसेक किलोमीटरने घटले. आकाशात दोन मिनिटे वाचली. जमिनीवर मात्र शहराच्या मध्यापासून विमानतळ ३५ किलोमीटर दूर गेले आणि दक्षिणेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्यांना ते पन्नास किलोमीटरहून लांब पडले. संगणकाच्या नोकरीसाठी आलेली मराठी मुले तर बहुतेक त्याच बाजूला. सोमवारी सकाळी किंवा शुक्रवारी संध्याकाळी तिथून हेब्बाळपर्यंत यायलाच पुण्याच्या उड्डाणाहून जास्त वेळ लागतो. येलहंकाची माणसे त्या मानाने सुखी. माझ्या बहिणीच्या सोसायटीत मराठी घरे का वाढली, असे विचारले तर शाळा, पाणी, हवा यांच्या आधी उत्तर येते: आईबाबांना आणायला बरे पडते.

हेब्बाळपासून पुढे उंचावरून जाणारा द्रुतमार्ग २०१४मध्ये खुला झाला, पण त्याने हेब्बाळच्या अलीकडची कोंडी सुटली नाही. वायुवज्र नावाच्या वातानुकूल बस शहराच्या कानाकोपऱ्यातून येतात. त्या चांगल्या आहेत आणि रात्रभर धावतात. पण बसही त्याच रस्त्यावर अडकते. मामींना आणणारा टॅक्सीचालक सादहळ्ळीच्या टोलनाक्यावर म्हणाला, “अम्मा, विमान तुमचं, पण वेळ हेब्बाळची.” तो चिक्कबळ्ळापूरकडचा. दिवसातून अनेकदा हा रस्ता तुडवणाऱ्या माणसाइतका या हिशेबाचा जाणकार दुसरा नाही.

मी मुद्दाम रेल्वेने गेले. येलहंका जंक्शनहून देवनहळ्ळीची गाडी पकडली. विमानतळाच्या कुंपणालगत एक छोटे स्थानक आहे, तिकीट अगदी नाममात्र. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, कारखान्याचे कामगार आणि चाकांची बॅग सांभाळत बसलेला एक तरुण, एवढेच डब्यात होते. उतरल्यावर टर्मिनलपर्यंत बस असते. स्वस्त, कोंडीमुक्त, सोपे. पण गाड्या दिवसातून मोजक्याच आणि त्यांच्या वेळा विमानांच्या वेळांशी जुळवलेल्या नाहीत. रुळ तिथे विमानतळाच्या आधीपासून होते. थांबा सुरू झाला जानेवारी २०२१मध्ये, विमानतळानंतर बारा वर्षांहून अधिक काळाने. मेट्रोचे खांब आता कुठे उभे राहताहेत.

टर्मिनलकडे वळताना केंपेगौडांचा १०८ फुटी ब्राँझचा पुतळा दिसतो. येलहंका हे त्यांच्या घराण्याचे मूळ ठाणे, इथूनच त्यांनी १५३७मध्ये बेंगळुरू वसवले. पुढे एका शतकाने ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुतळा घडवला तो धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. मामी दर वेळी टॅक्सीतून त्याच्याकडे बघून हात जोडतात.

पुरंदरच्या आधी

हे सगळे पुण्याच्या वाचकाला सांगायचे कारण आता पुण्याचे विमानतळही गाव सोडून निघाले आहे. पुरंदर तालुक्यातल्या सात गावांची जमीन त्यासाठी मागितली जाते आहे. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव. अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागांची ही गावे, आणि तिथल्या लोकांनी २०२५मध्ये मोजणीला रस्त्यावर उतरून विरोध केला. त्यांचा प्रश्न प्रवाशाच्या सोयीहून मोठा आहे आणि तो आधी सुटला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण विमानतळ झालेच तर काय होईल, ते येलहंकात उभे राहून स्पष्ट दिसते. पुरंदर बरोबर त्या रेघेखाली येते. बेंगळुरूचे अंतर तीस-चाळीस किलोमीटरने कमी होईल आणि उड्डाणातली तीन-चार मिनिटे वाचतील. सुखोईच्या वेळा सांभाळाव्या लागणार नाहीत, हा मोठाच फायदा. आणि कोथरूडच्या मामींना दिवे घाट किंवा बोपदेव घाट ओलांडून जावे लागेल. पहाटे पाच दहाला निघून चालणार नाही.

पुणे-मिरज रेल्वेमार्ग जेजुरीवरून जातो. तो आज आहे, विमानतळ अजून कागदावर आहे. बेंगळुरूने रुळ शेजारी असूनही बारा वर्षे थांबा दिला नाही आणि मेट्रोला विमानतळानंतर हात घातला. पुरंदरच्या आराखड्यावर पुणेकरांनी हरकती नोंदवायच्या असतील, तर टर्मिनलच्या काचांबद्दल नंतर बोलता येईल. जेजुरीच्या बाजूने पहिल्या दिवसापासून लोकल धावणार का, पहाटेच्या पहिल्या विमानाआधी ती पोचणार का, आणि स्वारगेटहून रात्री किती बस सुटणार, हे आत्ताच लेखी विचारायला हवे.